सरकवलेलं नाणं

चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज आला आणि गोल्फ क्लबच्या व्हरांड्यात कॉफी घेत बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "भेष! भेष!" असं ओरडलंही. नरसिंहमूर्तींनी डोक्यावरची पांढरी टोपी काढून व्हरांड्याच्या दिशेनं हलवली. त्यांच्याबरोबर खेळणारे डॉक्टर वेंकटरमण पुढे झाले आणि त्यांनी मूर्तींच्या पाठीवर थाप मारली. होलभोवतीची शेवटची हिरवळ, म्हणजे ग्रीन, तिच्यावरचा शेवटचा हलका टोला, म्हणजे पट, आणि ज्येष्ठांचा वार्षिक कप एका फटक्यानं मूर्तींचा झाला होता.

दामोदरराव तेवढे झेंड्याची काठी हातात धरून जागच्या जागी उभे होते. त्यांचं लक्ष होलकडे नव्हतं, मूर्तींच्या बुटांकडे होतं. बुटांशेजारी गवतावर करपल्याचा एक डाग होता. मघाशी मूर्तींचा चेंडू त्या डागाच्या उजव्या अंगाला होता. आत्ता त्यांनी मारला तो डाव्या अंगानं.

"मूर्ती," दामोदरराव हळूच म्हणाले, "नाणं परत सरकवलं नाहीस तू."

मूर्तींचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते डागाकडे बघत होते.

झालं होतं ते इतकंच. मूर्तींचा चेंडू दामोदररावांच्या वाटेत येत होता. म्हणून मूर्तींनी रिवाजाप्रमाणे चेंडू उचलून त्या जागी एक नाणं ठेवलं. नाणंही वाटेत आलं, तेव्हा दामोदररावांनीच सांगितलं, "जरा सरकव रे." मूर्तींनी पटरचं, पट मारायच्या काठीचं, डोकं जमिनीला लावून तेवढ्या अंतरानं नाणं डावीकडे सरकवलं. दामोदररावांचा पट हुकला. मग मूर्तींची पाळी आली. खेळण्याआधी नाणं पुन्हा मूळ जागी न्यायचं, मग त्याच्यापुढे चेंडू ठेवायचा. मूर्तींनी सरकवलेल्या जागीच चेंडू ठेवला आणि मारला. या चुकीला दोन फटक्यांचा दंड आहे. कमी फटक्यांत संपवणारा जिंकतो, आणि मूर्ती दामोदररावांच्या पुढे होते ते एकाच फटक्यानं.

"अय्यो, सोड की दामोदर," डॉक्टर कानडीत म्हणाले. "वीतभराचा तर फरक. कुणी पाहिलंय?"

"मी पाहिलं," दामोदरराव म्हणाले.

या खेळात पंच बरोबर हिंडत नाही. आपली चूक आपण सांगायची, नाही तर बरोबरच्यानं सांगायची. दामोदररावांना हा खेळ शिकवणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं होतं, आणि शिकवणारे मूर्तीच होते.

मूर्ती मराठीत बोलले. मैदानावर ते दोघंच मराठीत बोलत, त्यामुळे डॉक्टरांना काही कळलं नाही.

"सरकव म्हणून तूच सांगितलंस. मी चेंडू ठेवत होतो, तेव्हा तुला आठवण नव्हती?"

"नव्हती. माझा हुकला, त्याच तंद्रीत होतो मी. तुझा चेंडू पडला, तेव्हा डाग दिसला."

"मुद्दाम थांबलास मी मारेपर्यंत? आधी पाहिलंस, का नंतर?"

"नंतर."

"खोटं बोलतोस तू, दामू," मूर्ती म्हणाले. त्यांनी स्वतःच्या कार्डावर दोन फटके वाढवले, सही केली आणि कार्ड डॉक्टरांच्या हातात देऊन ते ग्रीनवरून उतरले. खेळ संपल्यावर टोपी काढून हात मिळवायचा असतो. तेवढंही झालं नाही.

संध्याकाळी कप दामोदररावांना जाहीर झाला. "मला बेडा, नको मला तो," ते सेक्रेटरींना म्हणाले. सेक्रेटरी म्हणाले, नियमाला इलाज नाही. कप त्यांनी घरी नेला नाही. तो क्लबच्या काचेच्या कपाटात राहिला, आणि त्यांचं नाव लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत चढलं. रोज पाणी प्यायला जाताना ते नाव त्यांना ओलांडावं लागे.

दामोदरराव भावसारांपैकी. त्यांचे पणजोबा लुगडी रंगवत आणि त्यांच्यावर ठसे उमटवत. आजोबांपर्यंत घरात रंगाच्या कढया होत्या. दामोदरराव रेशमाच्या कारखान्यात रंगखात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. राहायला नजरबादला, मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. असा माणूस गोल्फकडे वळायचं खरं कारण नव्हतं. कारखान्याच्या मॅनेजरांना एका रविवारी चौथा गडी कमी पडला आणि त्यांनी याला ओढून नेलं. ग्रीनला तेव्हा गवत नव्हतं, तेल घातलेली वाळू होती. होलपाशी वाकून दामोदरराव स्वतःशीच पुटपुटले, "जा रे बाबा, जा." शेजारच्या चौकडीतला एक उंच, शेलाटा माणूस चमकून वळला.

"तुम्ही मराठी?"

ते नरसिंहमूर्ती. सरस्वतीपुरममध्ये राहणारे, कॉलेजात गणित शिकवणारे. त्यांचं घराणं देशस्थांचं, किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांची मराठी वेगळी, दामोदररावांची वेगळी, आणि दोन्हींत कानडी पेरलेली. मूर्ती "स्वल्प थांब" म्हणत, दामोदरराव उगाच या अर्थी "सुम्ने कशाला धावतोस" म्हणत, आणि दोघंही एकमेकांच्या बोलण्याला हसत. त्या दिवसापासून पंचवीस-एक वर्षं त्यांच्या सकाळी एकत्र गेल्या. मैदान रेसकोर्सच्या पोटात. कधी घोडे सरावाला धावत जात, तेव्हा दोघं काठ्या टेकून उभे राहत. चामुंडीच्या डोंगरावर ऊन उतरत असताना दोघं पिशव्या खांद्याला लावून चालत, आणि बोलणं मात्र ग्रीनच्या कडेशी आलं की बंद होई. ग्रीनवर बोलायचं नाही. दुसऱ्याच्या वाटेवर पाय पडू द्यायचा नाही, सावलीही पडू द्यायची नाही. शेवटच्याचा चेंडू होलमध्ये जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. मूर्ती हे सगळं देवघरातल्या सोवळ्यासारखं पाळत.

कप झाला त्या रात्री दामोदररावांच्या बायकोनं, कुसुमावतीनं, त्यांना जेवायला वाढलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"खरं बोललात, चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण जाऊन या त्यांच्याकडे. दोन दिवस जाऊ देऊ नका."

ते दुसऱ्याच दिवशी सिटी बसनं सरस्वतीपुरमला गेले. मूर्तींच्या बायकोनं, वसंतावहिनींनी, त्यांना पुढच्या पडवीत बसवलं. आतून रेडिओचा आवाज येत होता. वहिनी आत गेल्या, रेडिओ बंद झाला, काही कुजबूज झाली आणि रेडिओ पुन्हा लागला. वहिनी कॉफीचा पेला घेऊन बाहेर आल्या.

"झोपलेत," त्या म्हणाल्या आणि खाली बघत उभ्या राहिल्या. दामोदररावांनी कॉफी पिऊन टाकली.

मूर्तींनी सकाळची वेळ बदलली. ते दुपारी खेळू लागले, तेही दुसऱ्यांबरोबर. दामोदररावांना कुणी वाईट बोललं असं नाही. पण चौकड्या ठरायच्या तेव्हा त्यांचं नाव कुणी घेत नसे. एकदा व्हरांड्याशी येताना त्यांनी ऐकलं, "पोलीस आला रे." बसलेले सगळे हसले आणि ते आल्यावर त्यांना खुर्ची सरकवून दिली. त्यांनाही हसायला यावं अशी सगळ्यांची मनापासून इच्छा दिसत होती. ते हसले. मग ते भल्या सकाळी, मैदानात कुणी नसताना एकट्यानं खेळू लागले. एकट्यानं खेळताना काही फार चुकतं असं नाही. आपलाच चेंडू आपण मारायचा, झेंडा आपण काढायचा, आपणच परत लावायचा. फक्त चांगला पट गेला की मान वर होते आणि बघायला कुणी नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात कुसुमावतीला ताप आला आणि तो मेंदूत गेला. पाचव्या दिवशी ती गेली. घरासमोर मांडव नव्हता, अंगणात लोक दाटीवाटीनं उभे होते. मूर्ती आले. फाटकापाशी थांबले, चपला काढल्या नाहीत, आत आले नाहीत. दामोदररावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मूर्तींनी खाली पाहिलं. तिला उचललं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले आणि ते निघून गेले.

मुलगी तुळसी पुण्याला दिलेली. तेराव्यानंतर ती वडिलांना घेऊन गेली. तिथली मराठी दामोदररावांना भरभर वाटे. ते नातीला "स्वल्प पाणी दे ग" म्हणाले की नात खुदकन हसे आणि आईला सांगे, "आजोबा काहीतरी मजेशीर बोलले." पोर लहान, तिचा दोष नव्हता. पण दुकानदारसुद्धा दोनदा विचारत, "काय म्हणालात?" महिन्याभरात ते परत आले. नजरबादच्या घरात कुलूप उघडल्यावर त्यांनी मोठ्यानं म्हटलं, "आलो ग." मग पिशवी खाली ठेवली.

त्यानंतरची वर्षं सारखीच गेली. सकाळी मैदान, मग स्वतःपुरता भात आणि सार, दुपारी झोप, रविवारी तुळसीचा फोन. शेजारीपाजारी कानडीत बोलत, दूधवाला कानडीत, क्लबात कानडी नाही तर इंग्रजी. समाजाच्या देवळात एकादशीला भजन असे, तिथे अभंग मराठीतले, पण म्हणणारी तरुण मुलं ते कानडी अक्षरांत लिहून घेऊन म्हणत आणि संपल्यावर कानडीतच बोलत. कधीकधी दामोदररावांच्या लक्षात येई की सोमवारपासून आपल्या तोंडून मराठीचा एक शब्द गेलेला नाही.

एका सकाळी ते मैदानावरून परतले तेव्हा फाटकाशी ऑटो उभी होती आणि पायरीवर वसंतावहिनी बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झाले होते.

"भाऊजी, आत येऊ का?"

त्यांनी घाईघाईनं दार उघडलं, खुर्चीवरचे कपडे उचलले. वहिनींनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"त्यांना आता दिसत नाही," त्या म्हणाल्या. "काचबिंदू. आधी एक डोळा गेला, तेव्हा बोलले नाहीत कुणाशी. आता दुसराही गेल्यासारखाच. उजेड कळतो, समोर कुणी उभं आहे एवढं कळतं. बाकी काही नाही."

दामोदररावांनी हातातले कपडे खाटेवर ठेवले.

"खेळ सुटला, पण हट्ट सुटत नाही. रोज सकाळी, पहाटेचे खेळणारे परतले की, सरावाच्या ग्रीनवर नेऊन सोडा म्हणतात. आमच्या गल्लीतला मंजुनाथ, ऑटोवाला, तो नेतो. होलपाशी उभा राहून आवाज करतो, हे त्या आवाजावर मारतात. आता त्याच्या बहिणीचं लग्न आहे, तो गावाला चालला. मी कुणाला विचारू? मला त्या मैदानावरचं दुसरं कोण माहीत आहे?"

"मी आलेलं चालेल त्यांना?"

"तुम्ही आलात हे कळू देऊ नका," वहिनी म्हणाल्या. "दुसरा ऑटोवाला सोडेल त्यांना. तुम्ही फक्त उभे राहा. बोलू नका म्हणजे झालं." निघता निघता त्या दारात थांबल्या. "भाऊजी, हल्ली घरी आल्यावर ते काही बोलतच नाहीत हो."

दुसऱ्या दिवशी दामोदरराव सरावाच्या ग्रीनवर आधीच जाऊन थांबले. ऑटोवाल्यानं मूर्तींना हाताला धरून कडेपर्यंत आणलं. ते खूप वाळले होते. टोपी तीच, पांढरी, पण आता ती कानांवर उतरत होती. पट्ट्यानं बांधलेलं पटर त्यांच्या खांद्याला होतं, आणि खिशात चेंडू.

"यारु, कोण? मंजुनाथानं कुणाला सांगितलंय?" मूर्तींनी कानडीत विचारलं.

दामोदररावांनी फक्त "हं" केलं.

"सरी. तिकडे होलपाशी जा. आवाज कर. आणि मी मारताना हलू नकोस, काय?"

दामोदररावांनी होलच्या आतल्या पत्र्याच्या डब्यावर काठी हळूच आपटली. टण असा आवाज झाला. मूर्तींनी मान तिरकी करून तो ऐकला, पाय जुळवले, पुन्हा मान तिरकी केली. दामोदरराव कोवळ्या उन्हाच्या पलीकडच्या अंगाला झाले, म्हणजे सावली वाटेवर पडू नये. ज्याला वाट दिसतच नाही त्याच्या वाटेवरची सावली टाळून आपण उभे आहोत, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

मूर्तींचा हात अजून तसाच होता, घड्याळाच्या लंबकासारखा सरळ. चेंडू निघाला. सुरेख निघाला. आणि होलच्या उजव्या कडेपासून वीतभर अंतरावरून पुढे गेला.

"होयिता? गेला का?" मूर्तींनी विचारलं.

दामोदररावांनी पुढे जाऊन थांबलेल्या चेंडूकडे पाहिलं. 'गेला' हे एका शब्दाचं उत्तर होतं. चेंडू हातानं उचलून डब्यात टाकला असता तर आवाजही झाला असता. समोर म्हातारा पटरावर दोन्ही हात ठेवून, मान पुढे काढून वाट बघत होता. त्याला त्या एका शब्दानं किती बरं वाटलं असतं, हे दामोदररावांना दिसत होतं. आणि याच माणसाला मागं एकदा आपण याच मैदानावर खरं सांगितलं होतं, तेव्हा काय झालं, तेही त्यांना दिसत होतं.

"नाही," ते म्हणाले. "वीतभर उजवीकडनं गेला."

तोंडून मराठी गेली होती. आता ती परत घेता येणार नव्हती.

मैदानाच्या पलीकडे घोड्यांच्या टापा वाजत होत्या, त्या जवळ आल्या आणि लांब गेल्या.

"दामू?"

"हं."

"वसंतानं सांगितलं?"

"हं."

मूर्ती खाली बसू लागले, तसे दामोदरराव धावत गेले आणि त्यांनी त्यांना दंडाला धरून गवतावर टेकवलं. दोघंही ग्रीनवरच बसले. इतकी वर्षं ग्रीनवर कधी बसले नव्हते.

"तो मंजुनाथ आहे ना," मूर्ती म्हणाले, "भला माणूस. रोज म्हणतो, होयितु सार. प्रत्येक चेंडू गेला म्हणतो. उचलून डब्यात टाकतो आणि म्हणतो, होयितु. घरी वसंता विचारते, किती गेले? मी म्हणतो, सगळे. सून हैदराबादहून फोनवर म्हणते, मामंजी, तुम्ही ग्रेट. अरे, सगळे कसे जातील? डोळे होते तेव्हा जात नव्हते." त्यांनी पटर मांडीवर आडवं घेतलं. "कुणीच काही खरं सांगत नाही रे मला आता. डोळ्यांचे डॉक्टरसुद्धा. मी कुठं उभा आहे तेच कळेना झालंय."

दामोदररावांनी चेंडू आणून त्यांच्या हातात दिला.

"वीतभर उजवीकडे म्हणालास?"

"हं. आणि जोर थोडा जास्त. हातभर पुढे जाऊन थांबला."

"ऊठ तर मग. आवाज कर."

त्या सकाळी मूर्तींनी पुष्कळ चेंडू मारले. गेले ते थोडेच. दामोदरराव प्रत्येकाला सांगत, "डावीकडे, चार बोटं." "आखूड पडला." "काठाला लागून फिरला." गेला की म्हणत, "गेला," आणि मूर्ती मान खाली घालून स्वतःशीच हसत.

मंजुनाथ लग्नाहून आला तरी हेच चालू राहिलं. तो मूर्तींना सोडायचा आणि ऑटोत झोपायचा. ऊन वर चढेपर्यंत दोघं ग्रीनवर असत, मग व्हरांड्यात कॉफी. बोलायला पुष्कळ साचलं होतं. कुसुमावतीच्या तापाचं मूर्तींनी सगळं विचारून घेतलं, अगदी शेवटच्या दिवशी ती काय बोलली इथपर्यंत. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "फाटकातून आत यायला हवं होतं मी." दामोदरराव म्हणाले, "आलास ते मी पाहिलं." एवढंच.

जुनी गोष्ट मात्र दोघांनी काढली नव्हती. ती काढली मूर्तींनीच, एके दिवशी कॉफी पिता पिता, आणि अगदी सहज.

"दामू, आधी पाहिलंस की नंतर?"

"नंतर."

"हौदु, खरंय," मूर्ती म्हणाले. "ठाऊक होतं मला. त्याच दिवशी ठाऊक होतं. खोटं बोलणारा तू नव्हेस."

"मग इतकी वर्षं?"

मूर्तींनी पेला चाचपडून टेबलावर ठेवला.

"तू बोलला नसतास, तर घरी गेल्यावर मला आठवलंच असतं. डाग माझ्याही डोळ्यांसमोर होता. मग मी काय केलं असतं? सेक्रेटरीकडे जाऊन सांगितलं असतं, की कप कपाटात ठेवून झोपलो असतो? मी रोज विचार करायचो. सांगितलं असतं, असं छातीवर हात ठेवून म्हणता यायचं नाही. ज्याला मी नियम शिकवले, त्याच्यासमोर असा उभा राहिलो, याची चीड रे. कपाचं काय घेऊन बसलास." थोड्या वेळानं ते म्हणाले, "आणि मग दिवस गेले. दिवस गेले की माणसाला जाणं अवघड होतं."

दामोदररावांना काही तरी सांगायचं होतं. की त्या दिवशी खरं बोलून झाल्यावर पहिल्याच क्षणी आपल्याला ते परत गिळावंसं वाटलं होतं. पण मूर्ती आता डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून बसले होते. ते राहून गेलं.

पावसाळा सरला तेव्हा मूर्तींचा मुलगा सत्यनारायण हैदराबादहून आला. मोठी नोकरी, मोठं घर. आई-वडिलांना इथं एकटं ठेवणं त्याला पटत नव्हतं, आणि त्याचं चूक नव्हतं. सरस्वतीपुरमचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं. तो वडिलांना म्हणाला, "अप्पा, तिकडेही क्लब आहे, मी नेईन तुम्हाला." मूर्तींनी दामोदररावांना हे सांगितलं आणि पुढे म्हणाले, "नेईल. रविवारी नेईल. आणि गेला अप्पा, गेला, म्हणेल."

निघायच्या दिवशी सकाळी ते आले. सत्यनारायण गाडीत बसून राहिला. मूर्तींनी एकच चेंडू आणला होता. दामोदररावांनी डब्यावर काठी आपटली. मूर्तींनी कितीतरी वेळ मान तिरकी ठेवली. मग मारला. चेंडू भलतीकडे गेला, इतका की दामोदररावांना अंतर सांगताना अवघडल्यासारखं झालं. तरी त्यांनी सांगितलं, "फार डावीकडे. दोन हात तरी."

"दोन हात?" मूर्ती मोठ्यानं हसले. "म्हातारा झालो की रे मी."

मग त्यांनी टोपी काढली आणि हात पुढे केला. हात थोडा चुकीच्या दिशेला गेला. दामोदररावांनी स्वतःची टोपी काढली आणि दोन पावलं बाजूला सरकून ते त्या हातासमोर जाऊन उभे राहिले. मूर्तींनी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. त्या हाताचा आकार ते बोटांनी बघत होते, असं दामोदररावांना वाटलं.

"फोन करशील?"

"करीन की."

फोन होत. पण फोनवर मूर्तींना नीट ऐकू येत नसे, आणि मधेच सून किंवा नातू घेई. हळूहळू दामोदरराव वहिनींशीच बोलू लागले. आणि पौष महिन्यात एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला, तेव्हा त्यांनी "भाऊजी" एवढंच म्हटलं आणि दामोदररावांना कळलं.

"कधी?"

"दुपारी. जेवून आडवे झाले होते. त्रास काही झाला नाही हो त्यांना."

"वहिनी, तुम्ही जेवलात का?" त्यांनी विचारलं. दुसरं काय विचारावं ते त्यांना सुचलं नाही.

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. तुळसीला फोन लावावा असं मनात आलं. पण तिनं मूर्तींना लहानपणी पाहिलेलं, तिला किती सांगायचं आणि कुठून सुरू करायचं. त्यांनी सार गरम केलं, ताट वाढलं आणि झाकून ठेवलं.

सकाळी ते नेहमीच्या वेळी निघाले. थंडी पडली होती, डोंगर धुक्यात होता. सरावाच्या ग्रीनवर दव इतकं दाट होतं की गवत पांढरं दिसत होतं, आणि त्यावर अजून कुणाचं पाऊल नव्हतं. दामोदरराव कडेवरून होलपर्यंत चालत गेले. पटर बरोबर आणलं होतं, पण चेंडू खिशातून काढला नाही. तिथं थोडा वेळ उभं राहून ते परत आले.

कडेला माळी लांब बांबू घेऊन थांबला होता. खेळणारे यायच्या आत दव झाडायचं, म्हणजे चेंडू नीट पळतो.

"झाडू का, स्वामी?" त्यानं कानडीत विचारलं. "का खेळायचंय तुम्हाला?"

दामोदररावांनी ग्रीनकडे पाहिलं. पांढऱ्या दवावरून एका माणसाची पावलं होलपर्यंत गेली होती आणि होलपासून परत आली होती.

"स्वल्प थांब," ते म्हणाले.

माळी थांबला. त्यानं बांबू खांद्याला टेकवला आणि तोही तिकडे बघत उभा राहिला. त्याला तिथं बघण्यासारखं काही दिसलं नसावं, पण त्यानं काही विचारलं नाही. डोंगरावरचं धुकं एका बाजूनं उसवायला लागलं होतं.

"हं. झाड आता," दामोदरराव म्हणाले.

माळ्यानं बांबू ग्रीनवर आडवा टाकला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. जिथून तो फिरला तिथलं गवत ओलं, गडद हिरवं आणि सपाट झालं. दामोदरराव टोपी हातात घेऊन, सगळं ग्रीन झाडून होईपर्यंत कडेला उभे होते.